साध्या लंबकाचे समीकरण: साइनच्या जागी नुसता कोन कोणत्या आधारावर लिहितात?

दोरीगोळा (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावीला, विज्ञान शाखेत आहे. मी स्वतः वाणिज्य शाखेची आणि गेली वीस वर्षे हिशेबतपासणीच्या कामात आहे. तिच्या वहीत साध्या लंबकाच्या आवर्तकालाचे (एका पूर्ण दोलनाला लागणाऱ्या वेळेचे) सूत्र सिद्ध करताना मध्येच एक ओळ येते: "कोन लहान असल्यामुळे कोनाच्या साइनच्या जागी कोनच घेऊ." एका रकमेच्या जागी दुसरी रक्कम लिहिलेली दिसली की आधार कोणता हे विचारण्याची मला सवय आहे. या ओळीला आधार काय, ते वहीत कुठेच लिहिलेले नाही.

म्हणून आम्ही दोघींनी घरीच प्रयोग केला. आमच्या जुन्या घराच्या तुळईला पाळण्याची कडी आहे. तिच्याशेजारी दोन फळ्यांच्या चिमट्यात बारीक दोरा घट्ट धरला आणि खाली दोन सेंटिमीटर व्यासाचा पितळी गोळा बांधला. चिमट्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर एक मीटर ठेवले. गुरुत्व त्वरण ग ९.८ धरले तर सूत्राप्रमाणे २० दोलनांना ४०.१ सेकंद लागायला हवेत. सुमारे पाच अंशांवरून गोळा सोडला तेव्हा ४०.२ सेकंद लागले, त्यामुळे समाधान वाटले. मात्र चाळीस अंशांवरून सोडल्यावर ४१.३ सेकंद लागले. तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा उत्तर एक-दोन दशांशांच्या आतच राहिले. विसाव्या दोलनाअखेर गोळा चाळीसऐवजी साधारण चौतीस अंशांपर्यंतच जात होता, हेही नोंदवून ठेवले आहे.

हे समीकरण मुळापासून कसे उभे राहते, आणि हा सव्वा सेकंदाचा फरक आमच्या हाताचा की सूत्राचा, हे कोणी सविस्तर सांगेल का?

तासिका

आपली मोजणी चांगली आहे आणि शंका त्याहून चांगली आहे. वर्गात ही ओळ इतक्या घाईने ओलांडली जाते की निसर्गाचा नियम कुठे संपला आणि आपण केलेली सोय कुठून सुरू झाली, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानातच येत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करूनच लिहितो.

सुरुवातीला आपण काय काय सोडून देतो ते मान्य करू. दोरा ताणला जात नाही आणि त्याला वजन नाही. गोळ्याचे सारे वस्तुमान एका बिंदूत एकवटले आहे. हालचाल एकाच उभ्या प्रतलात होते आणि हवा नाही. एवढे गृहीत धरले की गोळा कुठे आहे हे सांगायला एकच संख्या पुरते, ती म्हणजे उभ्या रेषेशी दोऱ्याने केलेला कोन. त्याला थ म्हणू. दोऱ्याची लांबी ल, गोळ्याचे वस्तुमान म, गुरुत्व त्वरण ग. कोन रेडियनमध्ये, म्हणजे कमानीची लांबी भागिले त्रिज्या या मापात मोजला तर सर्वांत खालच्या बिंदूपासून गोळ्याने कापलेले कमानीवरचे अंतर ल × थ इतके भरते. थ बदलण्याचा दर, म्हणजे कोनीय वेग, थ′ असा लिहू आणि त्या दराचाही दर, म्हणजे कोनीय त्वरण, थ″ असे लिहू.

गोळ्यावर दोनच बले आहेत. वजन म × ग सरळ खाली ओढते आणि दोऱ्याचा ताण दोऱ्याच्या दिशेने वर ओढतो. वजनाचे दोन घटक करा, एक दोऱ्याच्या दिशेतला आणि दुसरा कमानीला स्पर्श करणारा. दोऱ्याच्या दिशेतला घटक म × ग × कोसाइन थ आहे. त्याचा हिशेब ताणाशी होतो आणि गोळा पुढे जाईल की मागे येईल, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरते दुसऱ्या घटकावरून, म्हणजे म × ग × साइन थ यावरून. गोळा उजवीकडे असला की हा घटक त्याला डावीकडे ओढतो आणि डावीकडे असला की उजवीकडे, म्हणून त्याला ऋण चिन्ह. हेच ते प्रत्यानयन बल. आता न्यूटनचा दुसरा नियम स्पर्शरेषेच्या दिशेत लावला की

म × ल × थ″ = − म × ग × साइन थ

असे मिळते. दोन्ही बाजूंचा म गेला आणि उरले

थ″ = − (ग ÷ ल) × साइन थ.

लंबकाच्या गतीचे गणिती प्रारूप ते हेच. इथपर्यंत कोन लहान असण्याचा प्रश्नच आलेला नाही. वर मान्य केलेली गृहीतके पाळली तर हे समीकरण पाच अंशांना जितके खरे आहे तितकेच चाळीस अंशांनाही खरे आहे.

जाता जाता एक सांगतो. म कटला ही गोष्ट आपण डोळे झाकून करतो, पण डावीकडचा म जडत्वाचा आहे आणि उजवीकडचा वजनाचा, आणि हे दोन्ही सारखेच असतात हे प्रयोगाने पाहावे लागते. न्यूटनने ते लंबकांनीच पाहिले. सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि चक्क गहू भरून त्याने लंबक झुलवले. फरक असलाच तर तो हजारात एका भागाहून कमी आहे, असा निष्कर्ष त्याने १६८७ च्या आपल्या ग्रंथात नोंदवला आहे.

आता आपल्या मूळ आक्षेपाकडे येतो. वरचे समीकरण अचूक आहे, पण त्यात थ हा साइनच्या पोटात अडकल्यामुळे त्याची उकल शाळेत शिकवलेल्या फलनांनी लिहिता येत नाही. साइन थ ऐवजी थ लिहिले की ते थ″ = − (ग ÷ ल) × थ असे सरळ होते. ज्या फलनाचे दोनदा अवकलन केले की तेच फलन ऋण चिन्हासह आणि एका स्थिरांकाने गुणून परत येते असे फलन हवे, आणि कोसाइन नेमके तसेच वागते. सुरुवातीचा कोन थ₀ असेल आणि गोळा न ढकलता नुसता सोडला असेल, तर थ = थ₀ × कोसाइन(√(ग ÷ ल) × वेळ). कोसाइनचा फेरा २ × पाय (π) इतक्या अंतराने पुरा होतो, म्हणून

आवर्तकाल = २ × पाय × √(ल ÷ ग).

या सूत्रात थ₀ नाही. ही सुटसुटीत गोष्ट आपल्याला साइनची अदलाबदल केल्यामुळे मिळाली आहे, निसर्गाने दिलेली नाही.

त्या अदलाबदलीचा आधार शब्दातच दडलेला आहे. साइनला आपल्याकडचा जुना शब्द ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी, आणि कमानीला चाप. कोनाचे साइन म्हणजे दुप्पट कोनाच्या चापाची अर्धी दोरी. धनुष्य जितके कमी वाकलेले तितकी दोरी चापाला चिकटून असते. आपण हिशेबाच्या क्षेत्रातल्या आहात म्हणून एक जुना तक्ता देतो. आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या आर्यभटीयात ज्यांमधल्या फरकांची यादी २२५, २२४, २२२, २१९, २१५ अशी सुरू होते. त्याची त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि चाप दर वेळी २२५ कलांनी, म्हणजे पावणेचार अंशांनी वाढतो. पहिल्या टप्प्याला चाप २२५ आणि ज्याही २२५, एका कलेचाही फरक नाही. दुसऱ्या टप्प्याला, साडेसात अंशांना, चाप ४५० आणि ज्या ४४९. तिथून पुढे फरक वाढत जातो. आपल्या मुलीच्या वहीतल्या "कोन लहान असल्यामुळे" या शब्दांचा खरा अर्थ या पाच आकड्यांत आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. ही अदलाबदल कोन रेडियनमध्ये असेल तरच चालते. अंशांत मोजलेला पाच आणि पाच अंशांचे साइन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दरवर्षी काही उत्तरपत्रिकांत ही चूक दिसतेच.

एकमार्गी

वरचे विवेचन छान आहे, पण सव्वा सेकंदाचे कारण मला त्याहून सोपे वाटते. गोळा चाळीसवरून चौतीस अंशांवर आला, म्हणजे हवेने त्याला अडवले. अडवल्यामुळे तो हळू झाला आणि वेळ जास्त लागला. शिवाय महाराष्ट्रात ग हा ९.८ पेक्षा थोडा कमी, ९.७८ च्या आसपास असतो. ही दोन कारणे मला पुरेशी वाटतात.

पाऊणगणिती

ग बाबतचे म्हणणे बरोबर आहे. ९.७८ घेतल्यास २० दोलनांचा काळ ४०.१४ ऐवजी ४०.१८ सेकंद होतो, म्हणजे सव्वा सेकंदातले फक्त चार शतांश सेकंद त्याच्या नावे पडतात. विषुववृत्ताकडे जाताना ग घटतो ही गोष्टसुद्धा लंबकानेच उघड केली. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि वेळ जुळवण्यासाठी त्याला लंबक आखूड करावा लागला.

हवेबाबतचा तर्क मात्र उलटा आहे. हवा लंबकाचा आयाम, म्हणजे झोक्याचा सर्वांत मोठा कोन, घटवते, पण एका दोलनाला लागणारा वेळ तिच्यामुळे थेट असा जवळजवळ वाढतच नाही. विरोध वेगाच्या प्रमाणात आहे असे धरले आणि वीस दोलनांत आयाम ४० चा ३४ झाला, तर आवर्तकालात होणारी वाढ दहा लाखात एका भागाहूनही कमी भरते. ती कोणत्याही हातघड्याळावर दिसणार नाही. उलट हवेने आयाम कमी केल्यामुळे पुढची दोलने आखूड झाली, आणि आखूड दोलनाला वेळ कमी लागतो. म्हणजे हवा नसती तर वीस दोलनांना ४१.३ पेक्षा जास्तच वेळ लागला असता.

(अवांतर: विरोध एकट्या गोळ्याला होत नाही. एक मीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड दोरा हवेसमोर पाच चौरस सेंटिमीटरचा आडोसा धरतो, तर दोन सेंटिमीटर व्यासाचा गोळा जेमतेम सव्वातीन चौरस सेंटिमीटरचा. वरचा दोरा सावकाश हलतो म्हणून त्याचा वाटा आकारमानाइतका मोठा नसतो, पण विसरण्याजोगाही नसतो.)

आता मुख्य फरकाचा हिशेब. तासिका यांनी लिहिलेल्या अचूक समीकरणाला दोन्ही बाजूंनी थ′ ने गुणून समाकलन केले की ऊर्जेचे विधान मिळते:

(थ′)² = २ × (ग ÷ ल) × (कोसाइन थ − कोसाइन थ₀).

यावरून प्रत्येक कोनाला वेग किती ते कळते, आणि वेग कळला की वेळ काढता येते. फक्त शेवटचे समाकलन नेहमीच्या फलनांत बसत नाही. त्याला एलिप्टिक इंटिग्रल म्हणतात. नाव जड आहे, पण त्याची किंमत काढण्याची गणितज्ञ गाउसची युक्ती इतकी हलकी आहे की साध्या कॅल्क्युलेटरवर जमते. दोन संख्या घ्या: १ आणि थ₀ च्या निम्म्याचा कोसाइन. त्यांची सरासरी काढा आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा. या नव्या जोडीवर पुन्हा तेच करा. दोन्ही संख्या झपाट्याने एकाच किमतीला येऊन मिळतात, आणि नेहमीच्या सूत्राच्या उत्तराला त्या किमतीने भागले की अचूक आवर्तकाल मिळतो.

चाळीस अंशांसाठी पाहा. वीस अंशांचा कोसाइन ०.९३९६९. त्याची आणि १ ची सरासरी ०.९६९८५, गुणाकाराचे वर्गमूळ ०.९६९३८. पुन्हा सरासरी घेतली की ०.९६९६१ मिळते, आणि दुसऱ्याच फेरीत काम झाले. १ भागिले ०.९६९६१ म्हणजे १.०३१३, अर्थात आवर्तकाल ३.१ टक्क्यांनी जास्त. आपला आयाम ४० पासून ३४ पर्यंत उतरला म्हणून मधला ३७ घेऊ. त्यासाठी वाढ २.६७ टक्के येते. ४०.१८ सेकंदांत ती मिळवली की ४१.२६ सेकंद, आणि आपली नोंद ४१.३ ची आहे. हात निर्दोष आहे आणि अचूक समीकरणही निर्दोष आहे. फरक पूर्णपणे त्या एका ओळीच्या नावे मांडावा लागेल.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास चकवते. चाळीस अंशांना कोन त्याच्या साइनपेक्षा ८.६ टक्क्यांनी मोठा आहे, मग आवर्तकालात तीनच टक्के चूक का? कारण गोळा चाळीस अंशांवर फक्त क्षणभर असतो. उरलेला वेळ तो लहान कोनांतून जातो आणि तिथे अदलाबदल जवळपास बिनचूक असते. त्यातच आवर्तकाल बलाच्या वर्गमुळाशी जोडलेला आहे, त्यामुळे जी चूक उरते तीही साधारण निम्मी होते. पटकन अंदाज हवा असेल तर थ₀ चा वर्ग भागिले १६ इतकी वाढ धरावी, अर्थात रेडियनमध्ये. दहा अंशांना ती ०.१९ टक्के येते, वीस अंशांना ०.७६. नव्वद अंशांना खरी वाढ १८ टक्के आहे, तिथे हा अंदाज तोकडा पडतो.

टिकटिक

मी लंबकाची जुनी घड्याळे दुरुस्त करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या धंद्यात ही "एक ओळ" रोजच्या रोज पैसे मागते.

घड्याळाचा लंबक तीन अंश झुलत असेल, तर थ₀ चा वर्ग भागिले १६ या हिशेबाने तो आदर्श सूत्रापेक्षा दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे असतो. एवढ्याने बिघडत नाही, कारण गोळ्याखालची चाकी फिरवून लांबी जुळवता येते. एक मीटरच्या लंबकात गोळा एक मिलिमीटर वर चढवला की घड्याळ दिवसाला ४३ सेकंद पुढे जाते, तेव्हा १५ सेकंदांना चाकीचा जरासा वळसा पुरतो. खरी डोकेदुखी असते ती आयाम बदलण्याची. तेल सुकले, धूळ बसली आणि झोका तीन अंशांवरून दोनवर आला, की नुसत्या या कारणाने दिवसाला आठ सेकंदांचा फरक पडतो आणि घड्याळ पुढे धावू लागते. दमलेले घड्याळ पुढे कसे धावते, हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता नाकीनऊ येतात. (एस्केपमेंटच्या, म्हणजे लंबकाला झोक्यागणिक हलका धक्का देणाऱ्या यंत्रणेच्या, दाबाचाही परिणाम असतो आणि कधी तो उलट दिशेने असतो. तो हिशेब इथे धरलेला नाही.)

डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६५६ साली पहिले लंबकाचे घड्याळ केले तेव्हा त्याला ही अडचण ठाऊक होती, कारण त्या काळच्या यंत्रणेत लंबक बराच मोठा झोका घेई. गोळा वर्तुळाच्या कमानीवर न फिरता चक्रजावर, म्हणजे सरळ रस्त्यावर गडगडणाऱ्या चाकाच्या काठावरचा बिंदू जी वाट काढतो तशा वक्रावर फिरला, तर झोका लहान असो वा मोठा, वेळ अगदी सारखीच लागते, हे त्याने सिद्ध केले आणि १६७३ च्या ग्रंथात छापले. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पट्ट्या लावल्या की गोळा तसा फिरतो. गणित अप्रतिम आहे. घड्याळजींनी मात्र ते बाजूला ठेवले आणि झोकाच दोन-तीन अंशांवर आणणारी नांगरासारखी एस्केपमेंट स्वीकारली. एक कारागीर म्हणून मी त्यांच्याच बाजूचा आहे. समीकरण सोपे करण्याजोगी परिस्थिती यंत्रातच निर्माण करता येत असेल, तर पट्ट्या कोण घासत बसेल?

दोरीगोळा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही वीस अंशांवरून प्रयोग केला, पण या वेळी गाउसची युक्ती वापरून उत्तर आधी कागदावर लिहून ठेवले. आयाम वीसवरून साधारण साडेअठरा होईल असे धरून ४०.४७ सेकंद अपेक्षित होते आणि घड्याळात ४०.५ आले. मुलीने वहीतल्या त्या ओळीपुढे "दहा अंशांना ०.१९ टक्के" असे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. माझ्या दृष्टीने आता ती नोंद पूर्ण झाली.

आता तिचा प्रश्न आहे की नव्वद अंश आणि त्याच्याही वर, शंभर अंशांवरून गोळा सोडला तर ही युक्ती चालेल का.

तासिका

युक्ती चालेल, पण दोरा चालणार नाही. मी पहिल्या प्रतिसादात दोऱ्याच्या दिशेतला घटक बाजूला ठेवला होता, तो आता पुन्हा पुढे घ्यावा लागेल. त्या दिशेत न्यूटनचा नियम लिहिला की ताण = म × (ग × कोसाइन थ + ल × (थ′)²). गोळा सोडण्याच्या क्षणी थ′ शून्य असतो, म्हणून त्या वेळचा ताण म × ग × कोसाइन थ₀ इतकाच. नव्वद अंशांना तो शून्य होतो आणि शंभर अंशांना ऋण. ऋण ताण म्हणजे दोऱ्याने गोळ्याला बाहेर ढकलायला हवे, आणि ते त्याला जमत नाही. दोरा सैल पडेल, गोळा आधी सरळ खाली येईल आणि मग दोरा झटक्याने ताणला जाईल. म्हणजे गोळ्याची जागा एका कोनाने सांगता येते, हे आपले पहिलेच गृहीतक मोडेल आणि त्यावर उभे राहिलेले समीकरण त्या क्षणापुरते लागू राहणार नाही. दोऱ्याऐवजी हलकी ताठ काडी वापरली तर शंभर काय, एकशे सत्तर अंशांनाही गाउसची रीत चालेल.

नव्वद अंश दोऱ्यावर करून पाहायला हरकत नाही, मात्र ऊर्जेचे समीकरण आणि ताणाचे समीकरण एकत्र केले की सर्वांत खालच्या बिंदूला ताण म × ग × (३ − २ × कोसाइन थ₀) इतका येतो. चाळीस अंशांना हा गोळ्याच्या वजनाच्या जेमतेम दीडपट होता, नव्वद अंशांना तो तिप्पट होईल. तेव्हा गोळ्याची गाठ आणि फळ्यांचा चिमटा आधी नीट तपासा, आणि मुलीला झोक्याच्या रेषेत उभी राहू देऊ नका.